दहापर्यंत मोजून उठायचं

"अवो, बोला की काई तरी," सत्यभामा खाटेवरून म्हणाली. ही तिची सातवी की आठवी हाक असेल.

कडूबा हिवराळे भिंतीच्या कडेला फरशीवर उजव्या कुशीवर पडला होता आणि त्याच्या हातात पाच फुटी लोखंडी पाईप होता. पडताना माणूस हातातलं टाकून देतो, ह्याने धरूनच ठेवला होता. पाईपच्या एका टोकाला क्लॅम्प लोंबत होता, क्लॅम्पला लाकडाची खुंटी आणि खुंटीला भिंतीचा गिलावा चिकटून आला होता.

"हाये," तो म्हणाला. "जिता हाये."

"मंग बोलत कामून नव्हते?"

"पाईप निघाला."

"जाऊ द्या तो पाईप. डोकं चाचपा आधी. रगत आलं का?"

त्याने डाव्या हाताने डोकं चाचपलं. रक्त नव्हतं. उजवं मनगट ठणकत होतं आणि खुब्यात कुणी खिळा ठोकावा तशी कळ होती. त्याने उठायचा प्रयत्न केला, तर ती कळ थेट मस्तकात गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तो होता तसा पुन्हा आडवा झाला. सत्यभामा खाटेच्या कडेशी मान लांबवून त्याच्याकडे बघत होती. दोघांमध्ये चार हातांचं अंतर. पण तिची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी लुळी पडलेली, तिला ते चार हात चार कोसांसारखेच होते.

"राजू दहाला येतो म्हणला," ती म्हणाली.

"ठाव हाये."

"सव्वासहा झाले."

"दिसतंय मला बी घड्याळ."

खरं तर दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. समोरच्या भिंतीवर काही तरी गोल आहे एवढंच त्याला कळायचं. पण म्हातारपणी माणूस सगळं कबूल करील, दिसत नाही हे चटकन कबूल करायचा नाही.

राजू म्हणजे राजेंद्र, त्यांचा मुलगा, पुण्याला एका कंपनीत होता. दिवाळीच्या आधी कडूबा बुद्धविहाराच्या पायरीवरून घसरला होता आणि कपाळाला चार टाके पडले होते. तेव्हा राजेंद्र धावत आला, दोन दिवस राहिला आणि जाताना दारात उभा राहून म्हणाला, "अण्णा, पुन्हा एकदा पडलात ना, तर मी कुणाचं ऐकणार नाही." म्हणजे काय, ते तिघांनाही माहीत होतं. कडूबाने पुण्याला चौथ्या मजल्यावर जायचं आणि सत्यभामाने फुलंब्रीला लेकीकडे, सरिताकडे. पुण्यात नवराबायको दोघंही कामावर, दिवसभर आईला उचलणार कोण? आणि सरिताकडे दोन खोल्यांत सात माणसं. बायकांच्यात आईची पथारी कुठे तरी बसेल, बापाला ठेवायचं कुठं? वाईट कुणीच नव्हतं. जागाच नव्हती.

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. आता ह्या वयात वेगळं व्हायचं म्हणजे मग एकमेकांचं मरण फोनवर ऐकायचं, एवढं साधं गणित कडूबाला येत होतं. त्याची त्याला धडकी भरली होती. म्हणून दिवाळीनंतर तो मोरीत पडला ते त्याने सांगितलं नाही. अंगणात बादलीसकट पडला तेही सांगितलं नाही. सत्यभामाला त्याने बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट करून शपथ घातली होती. आज हे चौथं पडणं, आणि तेही राजू यायच्या दिवशी.

"मालनबाईला हाक मारते," सत्यभामा म्हणाली.

"नको."

"अवो, तुम्हाला उठता येईना."

"नको म्हणलं ना. मालनबाईला कळलं म्हंजी सरिताला कळलं."

ते मात्र खरं होतं. शेजारची मालनबाई जिवाला जीव देणारी बाई, पण तिच्या पोटात काही म्हणून राहायचं नाही. रोज दुपारी सरिताला फोन लावून मुकुंदवाडीतली बित्तंबातमी पोचवल्याशिवाय तिला जेवण पचत नसे.

आता ह्या पाईपाचं सांगायला हवं. कडूबा एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात लाईनमन होता. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घेऊन गल्लीगल्लीतले वॉल्व उघडायचे आणि बंद करायचे. बायाबापड्या वाट अडवून विचारायच्या, "कडूबाभाऊ, आज येणार ना पाणी?" कुणी चहा पाजायचं, कुणी शिव्या घालायचं, तो दोन्ही सारख्याच चेहऱ्याने घ्यायचा. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी घरात पाईपचे तुकडे, एल्बो आणि क्लॅम्प ह्यांना तोटा नव्हता. तिसऱ्यांदा पडला तेव्हा त्याने मनाशी ठरवलं, आपण आपला बंदोबस्त आपणच करायचा. खाटेच्या उशाशी सुरू करून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत त्याने भिंतीला कमरेइतक्या उंचीवर पाईप बसवला, धरून चालायला. काम असं देखणं की बोट ठेवायला जागा नाही. क्लॅम्प लावले दोन, भिंतीवरून पाण्याची लाईन नेताना लावतात तसे.

चूक झाली ती तिथंच. पाण्याचा पाईप भिंतीला टेकून निमूट पडून असतो. तोल गेलेला माणूस त्याला भिंतीपासून ओढतो, आणि एकतीस वर्षांत कडूबाने पाईपाला लोंबकळलेला माणूस कधी बघितला नव्हता. तीन आठवडे पाईपाने धरलं. आज सकाळी उठल्याबरोबर भोवळ आली, सगळं वजन हातावर गेलं आणि क्लॅम्प खपलीसारखा निघून आला.

तेवढ्यात अंगणातल्या नळाने घसा खाकरला.

"आलं," कडूबा म्हणाला. बाकी काही राहो न राहो, कान शाबूत होते. नळात आधी हवा येते, मग थोडं गढूळ, मग चांगलं. ही हवा होती.

"येऊ द्या. पडून राहा."

"सहाव्या दिवशी आलंय, आगं. आज नाय भरलं तर परत सहा दिवस कशानं धुवू तुला?"

सत्यभामाने तोंड भिंतीकडे वळवलं.

कडूबा पाईप सोडून उताणा झाला, मग कोपर टेकून बसता झाला. उभं राहणं जमत नव्हतं, पण बसून सरकता येत होतं. डावा हात मागे टेकायचा, ढुंगण उचलायचं, वीतभर मागे यायचं. असं करत करत तो दाराकडे निघाला. तान्ही पोरं सरकतात तसा. उंबऱ्याशी येऊन त्याला दम लागला. घामाने बनियन चिकटलं होतं आणि तोंडात थुंकी नव्हती.

"पोचले का?" आतून आवाज आला.

"पोचू राहिलो."

उंबरा उतरताना खुबा आपटला. तो ओरडला नाही, नुसता दातावर दात धरून बसला. मग ओल्या फरशीवरून सरकत नळापाशी गेला, नळी ओढली आणि तिचं टोक निळ्या ड्रममध्ये सोडलं. ड्रम दोन होते, पुरुषभर नसले तरी छातीपर्यंत येणारे. नळी घालून त्याने भिंतीला पाठ टेकली. पायजमा खालून सगळा भिजला होता.

"कडूबाभाऊ," भिंतीपलीकडून मालनबाईचा आवाज आला. "आलं का तुमच्याकडं पाणी?"

"आलं, मालनबाई."

"आमच्याकडं लई बारीक येऊ राहिलं. तुम्ही दिसत कामून नाय?"

"बसून भरू राहिलो. गुडघे धरलेत."

"बसा बसा. राजू येणार ना आज?"

"व्हय. दहाला."

"बरं झालं. म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय पायजे?"

ती गेली. कडूबाने श्वास सोडला. एका भिंतीच्या आडोशाने त्याची अब्रू वाचली होती.

ड्रम भरायला पाऊण तास लागला. तो तेवढा वेळ बसून राहिला, कारण त्याने एक गोष्ट हेरली होती. रिकामा ड्रम धरून उठायला गेलं तर ड्रमासकट आडवं होणार. भरलेला ड्रम दोन माणसांनाही हलत नाही. पाणी काठाला आलं तसा त्याने डावा पंजा ड्रमच्या कडेवर आवळला, चांगला पाय पोटाशी घेतला आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून उठला. पहिल्यांदा नाही जमलं. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा तो ड्रमावर छाती टाकून उभा राहिला, तोंड पाण्यापाशी, आणि तसाच बराच वेळ हमसत राहिला. रडत होता म्हणा. बघायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या ड्रमला नळी लावून तो भिंत धरत आत आला. खुबा मोडला नव्हता, एवढं चालण्यावरून कळत होतं. सत्यभामा अजून भिंतीकडे तोंड करून होती.

"चल, भोकाच्या खुर्चीवर बसवतो तुला. येळ झाला तुझा."

त्याने पांघरूण काढलं आणि त्याच्या लक्षात आलं. चादर ओली झाली होती, गादीपर्यंत.

"हाक मारायची," तो म्हणाला.

"कुठं मारू? तुम्ही तिकडं अंगणात सरकू राहिले, तुम्हाला म्हणू, या अन् मला उचला?"

दोन वर्षांत असं झालं नव्हतं. ह्या एका गोष्टीचा कडूबाला मोठा अभिमान होता. भल्याभल्यांच्या घरी आजारी माणसाच्या खोलीत नाक धरावं लागतं, त्याच्या घरात कधी वास आला नाही. आज तो एका हाताने चादर ओढत होता आणि दुसऱ्या हाताला ती पकडता येत नव्हती. तरी त्याने तिला कुशीवर केलं, नव्या पाण्याने पुसलं, कोरडं लुगडं नेसवलं, ओल्या गादीवर गोधडीची घडी अंथरली. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊन कानात जात होतं. तेही त्याने पुसलं.

दिवाळीनंतर टाके काढायला गेला होता, तेव्हा दवाखान्यात विशाखा नावाची एक तरुण डॉक्टरीण होती. पोरगी चौकस. टाके काढून मोकळं करायचं, तर तिने ह्याची गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करायला लावली. बीपीची गोळी, लघवीच्या त्रासाची गोळी, झोपेची गोळी. चपला बघितल्या, एकीच्या अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेली. निजवून बीपी मोजलं, उभं करून मोजलं, मग मान हलवली. "आजोबा, माणूस एका कारणानं पडत नाही," ती म्हणाली. "चार-पाच कारणं गोळा होतात आणि मग पायरीचं निमित्त होतं." झोपेची गोळी बंद, मोतीबिंदू काढा, काठी घ्या, चपला बदला, पाणी भरपूर प्या. आणि निजलेलं एकदम उठायचं नाही. आधी काठावर बसायचं, दहापर्यंत मोजायचं, मग उभं राहायचं.

कडूबाने चपला बदलल्या. झोपेची गोळी सोडली, तिच्याबरोबर झोपही गेली. बाकीचं सगळं राहिलं, आणि का राहिलं ते ऐकलं तर त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. मोतीबिंदू काढला तर कितीतरी दिवस वजन उचलायचं नाही म्हणतात. मग सत्यभामाला उचलायचं कुणी? काठी घेतली तर एक हात काठीला गेला. एका हाताने तिला धरायचं कसं? दहापर्यंत मोजायचं तर तीन-चारलाच तिची हाक यायची, आणि तिने हाक मारली म्हणजे तिला आधीच फार वेळ झालेला असायचा. राहता राहिलं पाणी. त्याला रात्री चारदा उठावं लागे. त्याने आपल्या डोक्याने हिशेब केला, की पाणी कमी प्यायलं तर कमी उठावं लागेल आणि कमी उठलं तर कमी पडू. दुपारी चारनंतर तो पाण्याला शिवत नव्हता. अख्ख्या वॉर्डाला पाणी पाजणारा माणूस, सकाळी उठायचा तेव्हा जीभ टाळ्याला चिकटलेली असायची आणि उभं राहिलं की घर फिरायचं.

"सुकून चालले तुम्ही," सत्यभामा म्हणायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

नऊ वाजले तसा तो भिंतीच्या मागे लागला. पाईप खाटेखाली सारला. दुसरा क्लॅम्प पकडीने उपटला आणि त्या जागी तंबाखूच्या डबीतला चुना भरला. पण निघालेल्या क्लॅम्पच्या जागी पंजाएवढं भगदाड पडलं होतं, ते चुन्याने बुजणारं नव्हतं. तिथं काही तरी टांगायला हवं होतं. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. ते उतरवून कमरेइतक्या खाली लावायचे, हे त्याच्या हातून मेला तरी झालं नसतं. राहिलं कॅलेंडर. ते त्याने वरून काढलं, भगदाडाच्या वर खिळा ठोकला आणि लावलं.

"लई खाली दिसतंय," सत्यभामा म्हणाली.

"तुला खाटेवरून दिसावं म्हणून लावलंय म्हणू."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

राजेंद्र सव्वादहाला आला. पहाटे पुण्याहून निघालेला, डोळे लाल. हातात फळांची पिशवी आणि एक चार पायांची काठी, वरचं प्लास्टिक न काढलेली. आईच्या पायांशी बसला, तिचा हात हातात घेतला, घरभर नजर फिरवली.

"कॅलेंडर इतकं खाली?"

"तुझ्या आईला दिसावं म्हणून," कडूबा म्हणाला. "पाण्याचा दिवस मोजते ती."

राजेंद्र हसला. कडूबाने चहा केला आणि कप डाव्या हाताने पुढे केला.

"हाताला काय झालं?"

"पाना मारताना ताणला. नळ गळू राहिला होता."

"अण्णा, हे उद्योग आता सोडा."

"सोडले."

माणसाला जे ऐकायचं असतं ते त्याला चटकन पटतं. राजेंद्रही काही दुष्ट नव्हता; पाच तास गाडी चालवत तो हेच मागत आला असणार, की घरी गेल्यावर सगळं ठीक दिसू दे. कडूबाने भिंतीला टेकून बसल्या बसल्या पोराशी पेट्रोलच्या भावापासून नातवाच्या परीक्षेपर्यंत सगळ्या गप्पा मारल्या. खुब्यात आग पेटली होती. चेहऱ्यावर त्याने काही येऊ दिलं नाही. बारा वाजता राजेंद्र म्हणाला, "बरं वाटलं बघून. मी काय काय मनात आणून आलो होतो. जेवतो आणि दोनला निघतो, उद्या ड्यूटी आहे."

कडूबाच्या छातीवरचं ओझं उतरलं. सुटलो, असं त्याला वाटलं. निदान ह्या खेपेला तरी.

"राजू," सत्यभामा म्हणाली, "ते कॅलेंडर काढ."

"कामून?" कडूबा म्हणाला. "राहू दे की."

"काढ म्हणते ना."

राजेंद्रने दोघांकडे बघितलं. मग त्याने वाकून कॅलेंडर उचललं. मागच्या भगदाडातून थोडी वाळू फरशीवर गळली.

"खाटेखाली पाईप हाये," सत्यभामा म्हणाली. "तो धरून चालत होते. आज सकाळी पाईपासकट पडले. तुला एकदाच ठाव हाये, पण चारदा पडलेत. मोरीत पडले, अंगणात पडले. चारनंतर पाण्याचा घोट घेत नाय, रातचं उठावं लागंल म्हणून."

"सत्यभामा," कडूबा म्हणाला. तो तिला नावाने क्वचितच हाक मारायचा.

"बोलू द्या मला. राजू, सकाळी मी सातदा हाका मारल्या. बोलले नाय. मला वाटलं, गेले. हितं, ह्या फरशीवर. माझ्या डोळ्यापुढं. माणूस चार हातांवर पडलाय अन् मला हात बी लावता येईना. मी खाटंवरून खाली पडायचं बी मनात आणलं. पण पडून मी काय केलं असतं? दोघं पडून राहिलो असतो." "मला नाय पाहवत आता. घेऊन जा त्यांना."

"आणि तू?"

"मला सरिताकडं टाक."

कडूबा भिंत धरून उठला आणि खाटेपाशी आला. आता लंगडणं लपवायचं काही कारण उरलं नव्हतं.

"दोन वर्षांत तुला मी एकदा तरी पाडलं का?"

"नाय पाडलं."

"मंग?"

"मला नाय पाडलं म्हणून तर तुम्ही पडता."

कडूबा खाटेची कड धरून उभा राहिला. राजेंद्र खाली फरशीवर बसला होता, कॅलेंडर मांडीवर घेऊन. "दोघांना एकत्र ठेवता आलं असतं तर ठेवलं नसतं का मी?" तो म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे. थोड्या वेळाने उठून त्याने सरिताला फोन लावला, आणि बोलत बोलत अंगणात गेला.

दुपारी ठरलं. राजेंद्र आधी आईला फुलंब्रीला पोचवणार, पाचपर्यंत परत येणार, अण्णांना दवाखान्यात नेऊन खुब्याचा एक्स-रे काढणार आणि तिथून पुण्याला. गाडी लहान. मागच्या सीटवर सत्यभामा आडवी, पुढे तिची भोकाची खुर्ची आणि कपड्यांचं गाठोडं. कडूबाला बरोबर जायला गाडीत जागा नव्हती.

राजेंद्र तिला उचलायला वाकला तसा कडूबा म्हणाला, "आसं नाय."

"मग कसं?"

"आधी बसव तिला. डावा हात ओढू नको, खांदा निसटतो तिचा. उजवा हात तुझ्या मानेत घाल. आता गुडघ्यात वाक. कमरंत नाय, गुडघ्यात. उचलायच्या आधी तिला सांगायचं, उचलतो म्हणून. न सांगता उचललं की भेती ती."

"आई, उचलतो," राजेंद्र म्हणाला.

"सरिताला बी दाखव हे," कडूबा म्हणाला. "फोनवर नाय कळायचं तिला. करून दाखव."

त्याने पोराच्या पाठोपाठ दारापर्यंत येऊन तिचा पदर सारखा केला. राजेंद्रच्या खांद्यावरून ती त्याच्याकडे बघत होती.

"माझ्यावर राग धरला का?" ती म्हणाली.

"नाय."

"पाणी पीत जा."

"व्हय."

"रातचं बी."

"व्हय."

गाडी गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत त्याला पांढरं काही तरी दिसत होतं. मग तेही दिसेना. तरी तो आवाज ऐकत उभा राहिला.

मालनबाई पदराने डोळे पुसत फाटकातून आली. सरिताचा फोन तिला येऊन गेला होता. कडूबाच आधी बोलला.

"मालनबाई, हे पाणी घेऊन जा. दोन्ही ड्रम भरलेत. घर बंद राहणार, नुसत्या आळ्या होतील."

"कडूबाभाऊ, राहू द्या हो."

"न्या. आजचंच हाये. तुमच्याकडं बारीक येत होतं ना?"

ती घागर घेऊन आली. पहिली घागर भरायच्या आधी कडूबाने एक तांब्या बुडवून घेतला आणि तो घेऊन आत आला. मालनबाईच्या खेपा चालू राहिल्या. ड्रम रिकामा होत जाईल तसा घागरीचा आवाज खोल खोल जाऊ लागला.

तो खाटेच्या काठावर बसला आणि तांब्याभर पाणी प्यायला, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत. तिची गादी मधोमध अजून दबलेली होती. राजू पाचला येणार. त्याच्या आधी चार कपडे पिशवीत भरायचे होते, गोळ्या घ्यायच्या होत्या, मागच्या दाराला कडी लावायची होती. डॉक्टरणीने सांगितलं होतं तसे त्याने दोन्ही पाय जमिनीला नीट टेकवले आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन. चार झाले. कुणी हाक मारली नाही. सावकाश मोजत तो नऊपर्यंत आला, दहापर्यंत आला. तो उठला नाही. त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.